पाच चाकांची जिप्सी

सप्टेंबर संपत आला की चंद्रपुरातल्या आणि मोहर्लीच्या वाटेवरच्या टायरच्या दुकानांपुढे जिप्सी उभ्या दिसू लागतात. ताडोबाचा कोअर भाग पावसाळ्याचे तीन महिने पर्यटकांसाठी बंद असतो आणि १ ऑक्टोबरला गेट उघडतात. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, पांगडी, झरी अशा गेटांभोवतीच्या गावांतल्या कितीतरी घरांची चूल या गाड्यांवर पेटते. काही गाड्या पावसाळाभर ताडपत्रीखाली एकाच जागी उभ्या राहिलेल्या असतात, तर काही बफरच्या फेऱ्या करून चिखलाने माखून आलेल्या असतात. इंजिनचं ऑइल बदललं जातं, ब्रेक उघडून पाहिले जातात, कमानपाट्यांना ग्रीस लागतं, शिटांना नवं रेग्झिन चढतं. टायरची पाळी सगळ्यात शेवटी येते, तीही खिशात काही उरलं तर. हा क्रम उलटा व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. हा लेख त्यासाठीच आहे.

जिप्सी आता कारखान्यातून येत नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. मारुतीने ती १९८५ च्या डिसेंबरात आणली, तेव्हा तिला ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६ साली १,२९८ सीसीची ‘जिप्सी किंग’ आली, २००० च्या सुमारास तिला फ्युएल इंजेक्शन मिळालं. अपघातसुरक्षेचे आणि धुराचे नवे नियम आले तेव्हा २०१९ मध्ये तिचं सर्वसामान्यांसाठीचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज सफारीला धावणारी जिप्सी कितीही चकचकीत दिसली तरी जुनीच आहे. पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, चारही कोपऱ्यांना कमानपाटे, खाली शिडीसारखी चेसिस, फोर व्हीलसाठी एक दांडा. गावातला मेकॅनिक डोळे मिटून उघडू शकेल इतकी ती सोपी आहे, आणि म्हणूनच टिकली आहे. पण इतक्या साध्या गाडीत खड्ड्याचा धक्का झेलायला पाट्यांनंतर उरतं ते टायरच. स्टिअरिंग किती जड लागेल, ब्रेक किती अंतरात लागेल, मागच्या बाकावरच्या आजीबाईंची कंबर संध्याकाळी कशी असेल, हे सगळं त्या चार जागांवर ठरतं जिथे रबर जमिनीला टेकतं.

त्या जागा किती लहान असतात याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. रिकामी जिप्सी साधारण एक टनाची. तिच्यात सहा पर्यटक, एक गाइड आणि एक चालक बसले की पाचशे किलोंची भर पडते. वर उंच केलेल्या शिटांचं लोखंड, पाण्याचे कॅन, कॅमेऱ्यांच्या बॅगा वेगळ्याच. पर्यटक बसतात मागे, त्यामुळे वाढलेलं बहुतेक वजन मागच्या ॲक्सलवर जातं. मागच्या एका टायरवर साडेचारशे किलो आले असं धरू. ३० पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोंचा दाब. साडेचारशेला त्याने भागलं तर सव्वादोनशे चौरस सेंटिमीटरसुद्धा भरत नाहीत. टायरची स्वतःची ताठरता सोडून दिली, तर एवढ्याशा रबरावर ते साडेचारशे किलो तोललेले असतात. हवा २० पौंडांवर आणली की तीच जागा सव्वातीनशेच्या घरात जाते, आणि वाढते ती रुंदीपेक्षा लांबीत जास्त. वाळूत कमी हवेचं टायर रुतत नाही, पाणंदीत गाडी कमी उडते, मुरमाच्या बारीक लाटांवर दात वाजत नाहीत, ते यामुळेच.

मग हवा कमीच का ठेवू नये? मोहर्लीकडच्या एका टायरवाल्याला हे विचारलं. चाकावरून हात न उचलताच तो म्हणाला, “मांगं बसणारे सहा, पुढं बसणारे दोन. हवा सगळीकडं सारखी कशी चालन जी? अन् कमी ठेवली तं डांबरावर टायर तापते न भाऊ.”

त्याच्या या दोन मुद्द्यांत निम्मा विषय येतो. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि उठते, आणि या दबण्या-उठण्याची उष्णता रबरातच साठते. जंगलात गाडी सावकाश चालते, त्यामुळे उष्णतेला निघून जायला वाव मिळतो. पण गेट सुटलं की तोच चालक पर्यटकांना रेल्वेला पोहोचवायला चंद्रपूरकडे साठ-सत्तरच्या वेगाने निघतो. तेही मे महिन्यात, जेव्हा इथला पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. टायर फुटतं ते बहुतेक अशा वेळी. लोक दोष उन्हाला देतात. ऊन असतंच, पण सकाळी मुरमासाठी काढलेली आणि परत न भरलेली हवा हे अशा फुटण्यामागचं नेहमीचं कारण आहे.

इथल्या उन्हाळा-हिवाळ्यातलं अंतरही हवेच्या आकड्याशी खेळतं. डिसेंबरात पहाटे १० अंशांवर २६ पौंड हवा भरली आणि तीच गाडी ४५ अंशांच्या दुपारी नुसती उभी ठेवली, तर गेज ३१ च्या आसपास दाखवेल. एक थेंब हवा कोणी भरलेली नसते. उलट मे महिन्यात भर दुपारी ३० पौंड भरून मागे टांगलेली स्टेपनी डिसेंबरच्या पहाटे, कुठेही गळती नसताना, २५ वर आलेली असते. म्हणून हवा मोजायची ती पहाटे, गाडी हलायच्या आधी, टायर गार असताना. गेटवर पोहोचल्यावर तापलेल्या टायरची वाढलेली हवा ‘जास्त झाली’ म्हणून काढून टाकणारे चालक मी पाहिले आहेत. ती हवा काढू नये. टायर थंड झालं की ते नेमकं तेवढंच उपाशी राहतं.

आकडा किती, हे सगळे विचारतात. गाडीवर किंवा गाडीच्या पुस्तकात कंपनीने दिलेला आकडा हा पाया. पण तो कंपनीच्या मापाच्या टायरसाठी असतो, आणि त्यात कमी वजनाचा आणि भरल्या गाडीचा असे वेगळे आकडे असतात, हे वाचणारे थोडे. आज जिप्सींना २०५/७० आर १५ पासून त्याहून उंच, बटण नक्षीच्या टायरांपर्यंत काहीही बसवलेलं दिसतं, आणि शिटा उंच केल्याने वजनाचा तोलही बदललेला असतो. अशा वेळी खडू कामाला येतो. टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढायची, नेहमीची माणसं बसवून सपाट डांबरावर थोडी गाडी चालवायची आणि उतरून पाहायचं. रेघ मध्येच पुसली गेली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली गेली तर कमी, सगळीकडे सारखी फिकी झाली तर बरोबर. ऑस्ट्रेलियातले लांब पल्ल्याचे जीपवाले आणखी एक ताळा करतात. थंड टायरचा आकडा लिहून ठेवायचा, वीसेक मिनिटं चालवून पुन्हा मोजायचं. चार पौंडांच्या आसपास वाढला तर ठीक. सहा-सात वाढला तर सुरुवातीचा आकडा त्या वजनाला आणि वेगाला कमी होता. एक-दोनच वाढला तर हवा गरजेपेक्षा जास्त आहे. पूर्ण भरलेल्या सफारी जिप्सीला या दोन्ही चाचण्या लावल्या की मागचा आकडा पुढच्यापेक्षा तीन-चार पौंडांनी वर निघतो, असा माझा अनुभव आहे. चारही चाकांत एकसारखी हवा मारून घेणं सोपं असतं, म्हणून ते रूढ झालं. एवढंच.

आता चाकं फिरवण्याकडे येतो. हे काम मला नीट बघायचं होतं, म्हणून त्याच दुकानात थांबलो. टायरवाल्याने आधी मागच्या चाकांना दगडांची उटी लावली आणि गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल केले. अधांतरी चाकाचे जाम नट तोडायला गेलं की जॅक सरकतो. मग प्रत्येक टायरच्या बाजूवर त्याने खडूने खूण केली, कोण कुठून निघालं त्याची. पहिलं चाक उतरलं तसं त्याने ते आडवं टाकलं आणि नक्षीवरून तळवा फिरवला. एका दिशेने गुळगुळीत लागलं, उलट दिशेने हाताला कडा बोचल्या. “टो गेला हाय,” एवढंच तो म्हणाला. अखंड ॲक्सलच्या जिप्सीत पुढच्या चाकांचा कल बदलता येत नाही, टाय रॉडने टो, म्हणजे चाकांच्या तोंडांमधला आत-बाहेरचा फरक, तेवढा जुळवता येतो, आणि तो चुकला की टायर रस्त्यावर किंचित तिरकं घासत जातं. करवतीच्या दातांसारख्या या कडा त्याचाच पुरावा. अशा टायरला नुसतं मागे टाकून काही मिटत नाही. टो आधी दुरुस्त व्हायला हवा, नाहीतर पुढे येणारं चांगलं टायरही महिन्याभरात तसंच होतं.

मग पेचकस घेऊन तो खाचांतले खडे काढत बसला. मुरमाचे तांबडे खडे निघाले, डांबराला चिकटलेली एक गिट्टी निघाली आणि मागच्या उजव्या टायरच्या खांद्याजवळ बांबूची एक चोच निघाली, बोटाच्या पेराएवढी. आत पोहोचली नव्हती. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत खिळ्याइतकीच भीती बांबूची असते. तिरप्या घावाने तोडलेल्या बांबूचा खुंट वाळला की भाल्यासारखा टणक होतो, आणि तो लागतो तो टायरच्या बाजूला, जिथे रबर सगळ्यात पातळ असतं. पंक्चर नक्षीत झालं तर निघतं. बाजू फाटली तर टायर गेलंच. म्हणून वाळूतला ‘हवा काढा’ हा सल्ला बांबूच्या रानात आंधळेपणाने पाळू नये. हवा कमी झाली की बाजू फुगून बाहेर येते आणि खुंटाला आयती सापडते. ज्या गाड्यांना अजून ट्यूबची टायरं आहेत त्यांना आणखी एक धोका. फार कमी हवेवर टायर रिमवर सरकतं, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते.

पाचही चाकं शेजारी शेजारी टेकवली तेव्हा जे दिसलं ते जवळजवळ प्रत्येक जिप्सीत दिसतं. मागची दोन मध्ये जास्त झिजलेली, कारण गाडी बहुतेक वेळ टू व्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चाकांच्या जोरावर चालते. पुढच्या दोघांचे खांदे घासलेले, कारण वाघ दिसला की अरुंद रस्त्यावर जागच्या जागी स्टिअरिंग पिळून गाडी वळवली जाते. आणि पाचवी, स्टेपनी, नक्षीने नवीकोरी पण बाजूला बारीक भेगा पडलेली. मागच्या दाराला टांगलेलं ते चाक वर्षानुवर्षं ऊन खात असतं. रबर न वापरताही म्हातारं होतं. किंबहुना चालत्या टायरमधली तेलं दबण्या-उठण्याने पृष्ठभागावर येत राहतात, उभ्या टायरला तेवढंही मिळत नाही. ज्या दिवशी त्या चाकाची खरी गरज पडते, त्या दिवशी ते सात-आठ वर्षांचं झालेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातलं. हे चार आकडे प्रत्येक गाडीमालकाने आजच्या आज आपल्या स्टेपनीवर वाचावेत.

म्हणून फिरवायची ती पाचही. मागची दोन्ही सरळ पुढे येतात, डावं डावीकडेच आणि उजवं उजवीकडेच. पुढचं डावं तिरकं मागे उजवीकडे जातं. पुढचं उजवं स्टेपनीच्या जागी चढतं आणि स्टेपनी मागे डावीकडे उतरते. दर आठ-दहा हजार किलोमीटरला असं केलं की पाच पाळ्यांत प्रत्येक टायर प्रत्येक जागी काम करून येतं आणि दर पाचवी पाळी विश्रांती घेतं. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेलं टायर मात्र तिरकं नेता येत नाही. ते एकाच बाजूला पुढे-मागे फिरतं. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. चाकं बदलली की हवा पुन्हा लावायची. मागची जास्त हवा घेऊन पुढे आलेलं टायर तसंच सोडलं तर स्टिअरिंग हलकं पण उडतं लागतं आणि पुढे ब्रेकला पकड कमी मिळते.

फोर व्हीलच्या जुन्या गाडीत पाचही चाकं फिरवण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते खर्चाचं आहे. जिप्सीत फोर व्हीलचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट बांधले जातात. दोघांनी तंतोतंत सारखंच फिरायचं. २०५/७० आर १५ चा नवा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. सहा मिलिमीटर नक्षी झिजली की तो ६५६ वर येतो. म्हणजे एका किलोमीटरला नवं टायर साधारण ४७६ फेरे घेतं आणि झिजलेलं ४८५. पुढे झिजलेली जोडी आणि मागे नवी जोडी असेल तर दर किलोमीटरला आठ-नऊ फेऱ्यांचा हिशेब जुळत नाही. मुरमावर किंवा चिखलात टायर थोडं घसरून ही तूट भागवतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग ताण ट्रान्स्फर केसवर आणि शाफ्टच्या क्रॉसवर येतो. दांडा निघत नाही, गाडी वळणावर अडखळते आणि मालक म्हणतो, गिअरबॉक्स खराब झाला. ज्या गाडीचे सुटे भाग दर वर्षी दुर्मीळ होत चालले आहेत, तिच्यात दोनच टायर नवी घेऊन केलेली बचत अशी दुसऱ्याच बाजूने निघून जाते. पाचही टायर फिरवत ठेवली तर ती बरोबरीने झिजतात, आणि बरोबरीने झिजणं हेच या गाडीचं औषध आहे. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी उरेपर्यंत टायर चालतं. पण ओल्या काळ्या मातीत त्याआधीच ते गुळगुळीत ताटासारखं वागू लागतं. पावसाळी बफरला जाणाऱ्यांनी त्याच्या दुप्पट तरी उरलेली असावी असं पाहावं.

टायर फिरवण्याची सोय जीपला जुनीच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या टायरची नक्षी दोन्ही दिशांना सारखीच असे. पुढे जाताना जेवढी पकड, तेवढीच मागे येताना, आणि टायर कुठल्याही कोपऱ्यात बसवावं. त्याच जीपची जुळणी १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी सुरू केली, आणि तिच्या वंशातल्या गाड्या पुढे कित्येक दशकं या दोन जिल्ह्यांत धावल्या. हवा कमी-जास्त करण्याची विद्याही तेवढीच जुनी. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिबियन वाळवंटात मोटारी नेताना टायरची हवा उतरवून मऊ वाळू पार करण्याची पद्धत बसवली. १९४२ मध्ये अमेरिकेने बनवलेल्या ‘डक’ या पाण्या-जमिनीवरच्या ट्रकमध्ये तर चालकाला बसल्या जागेवरून हवा कमी-जास्त करता येत होती, किनाऱ्याच्या वाळूवर चढताना कमी, रस्त्याला लागल्यावर जास्त. आपल्या चालकाकडे ती सोय नाही. त्याच्याकडे व्हॉल्व्हची पिन दाबायला काडी असते आणि, असलाच तर, बॅटरीवर चालणारा छोटा पंप. माझ्या मते हा पंप जिप्सीत पाण्याच्या कॅनइतकाच आवश्यक आहे. पंप नसेल तर हवा काढूच नये.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरलं की हे सगळं अधिक गंभीर होतं. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा उत्तर-दक्षिण इतका लांब आहे की आलापल्लीच्या पुढे टायरचं दुकान ही एक बातमी असते. इथे पर्यटक नाहीत. काळी-पिवळी ट्रॅक्स, कमांडर, जुन्या बोलेरो आणि त्यांत खचाखच बसलेली माणसं, टपावर धानाची पोती. बाळंतीण, सापाने चावलेला मुलगा, मलेरियाने फणफणलेला म्हातारा, सगळे याच गाड्यांतून दवाखान्यात जातात. बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरात हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा तिथे धड रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात जगाशी संबंध तुटायचा. भामरागडला पर्लकोटा फुगली की जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जायचा आणि पलीकडची गावं अडकून पडायची, हे त्यानंतरही वर्षानुवर्षं चालत आलं. अशा ठिकाणी स्टेपनीत हवा नसणं म्हणजे काय, हे सांगायला नको. ओसरलेल्या रपट्यावर साचलेल्या ओल्या रेतीत काळी-पिवळी रुतते, तेव्हा दहा माणसं उतरून ढकलतात. मागच्या दोन टायरांतून दहा पौंड हवा काढली असती, तर बहुधा तीन माणसांत काम झालं असतं. पण पुढे ती भरणार कशाने, हा प्रश्न चालकाच्या मनात असतो आणि तो रास्तच आहे.

टपावरचं वजन हा इथला आणखी एक घात. त्याने गाडीचा तोल वर जातो, मागचं टायर दबतं, आणि वळणावर ते रिमवरून सुटायला बघतं. अशा गाडीला मागे कंपनीने भरल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याच्या खाली कधीही जाऊ नये, रस्ता कितीही खराब असो. कंबर दुखली तर दुखू द्यावी. रिसोल केलेलं टायर पुढच्या ॲक्सलवर कधीही लावू नये. मागे लावलंच तर दोन्ही बाजूंना सारखंच असावं आणि हवेत कसूर नको. चढवलेलं रबर उष्णतेने सुटतं, आणि उष्णता कुठून येते ते वर आलंच आहे.

गडचिरोलीतले रस्ते आता बदलत आहेत. जिथे मुरूम होता तिथे डांबर आणि काँक्रीट आलं, एटापल्लीच्या सुरजागडमधून लोहखनिज घेऊन निघालेल्या ट्रकांची वर्दळ वाढली, आणि जिथे जुनी जीप पंचविसाने जायची तिथे ती आता सत्तरने जाते. गाडी तीच, टायर तीच, आणि हवेची सवयही मुरमाच्या दिवसांतलीच. खराब रस्त्यासाठी शिकलेली कमी हवा चांगल्या रस्त्यावर जास्त मारक ठरते. याचा विचार पोलीस पाटलापासून आरोग्य केंद्राच्या चालकापर्यंत सगळ्यांनी करायला हवा. प्रत्येक आठवडी बाजाराच्या गावी एक चांगला गेज आणि हवेचा पंप ठेवणं हे ग्रामपंचायतीला मुळीच जड नाही. बाजू फाटलेल्या एका टायरच्या किमतीतही ते बसेल.

मोहर्लीकडच्या दुकानातलं काम तासाभरात आटोपलं. पाच नट त्याने एकाआड एक धरून आवळले, म्हणजे चाक हबवर सगळीकडून सारखं बसतं. शेवटचा पिळा देताना तो पान्यावर उभा राहिला नाही, हाताच्याच जोराने आवळलं. पान्यावर नाचणाऱ्यांच्या गाड्यांचे स्टड तुटतात, आणि जंगलात पंक्चर झालं तर नट निघता निघत नाहीत. मग पुढे-मागे वेगवेगळी हवा भरून, व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहून त्याने प्रत्येकाला टोपी बसवली. टोपी नसली की चिखल पिनेत बसतो आणि रात्रभरात हवा उतरते. पैसे घेताना मालकाला त्याने एकच गोष्ट दोनदा बजावली. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की गाडी थांबवायची आणि पाचही चाकांचे नट पुन्हा आवळायचे, स्टेपनीचेसुद्धा.